वारसा आणि वसुली

बाप कर्ज ठेवून गेला तर ते मुलाने फेडायचे का, हा प्रश्न घराघरात कधी ना कधी उभा राहतो. कायद्याचे उत्तर साधे आहे. बापाची जमीन, घर, दुकान मुलाकडे आले असेल तर त्या मालमत्तेच्या किमतीइतके कर्जही त्याच्याकडे येते. काहीच आले नसेल तर सावकाराला त्याच्या अंगावरचा सदरा उतरवून घेता येत नाही. पुष्कळ मुले तरीही बापाचे नाव राहावे म्हणून कर्ज फेडतात. तो त्यांचा चांगुलपणा झाला, सावकाराचा हक्क नव्हे.

दोन माणसांच्या व्यवहारात इतके स्पष्ट दिसणारे हे तत्त्व दोन कौमांच्या बाबतीत मात्र आपण सहज विसरतो. एका मुलखाने दुसऱ्यावर जुलूम केला. दीडदोनशे वर्षे गेली. जुलूम करणारे मातीत गेले, सोसणारेही गेले. मागे राहिली ती आठवण. या आठवणीचा हिशेब कुणी कुणाकडून मागायचा? ज्याचे आडनाव, रंग किंवा बोली त्या जुन्या जुलमी माणसांसारखी आहे त्याच्याकडून? आणि मागायचा तर किती पिढ्यांपर्यंत?

असा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. त्याला जागा लागते, तारखा लागतात, हाडामांसाची माणसे लागतात. म्हणून मी आपल्यापासून फार दूरचे एक बेट निवडले आहे. दूरचे अशासाठी, की तिथल्या भांडणात आपला कुणी सगासोयरा नाही आणि दोन्ही बाजू ऐकताना आपले मन आधीच एका पारड्यात बसलेले नसते.

* * *

कॅरिबियन समुद्रात क्युबा आणि पोर्टो रिको यांच्या मध्ये हिस्पान्योला नावाचे बेट आहे. त्यावर दोन देश आहेत. पश्चिमेचा सुमारे एक तृतीयांश भाग हैतीचा, उरलेला डोमिनिकन रिपब्लिकचा. पश्चिमेला क्रेओल आणि फ्रेंच बोलतात, पूर्वेला स्पॅनिश. दोघांच्या मधली सरहद्द सुमारे ३९० किलोमीटरची. दोन्ही देशांची लोकसंख्या आज जवळजवळ सारखीच, एक कोटीच्या वर. पण हैती हा त्या गोलार्धातला सर्वांत गरीब देश आहे, तर शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पर्यटनाचा आणि बांधकामाचा पैसा खेळतो.

१४९२ साली कोलंबस या बेटावर उतरला. इथले मूळचे ताइनो लोक पुढच्या काही दशकांत गुलामी, उपासमार आणि रोगराई यांनी जवळजवळ संपले. मग आफ्रिकेतून माणसे पकडून आणण्यात आली. त्या माणसांत आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक तुकडी होती. १५२१ च्या नाताळात कोलंबसाचा मुलगा दिएगो याच्या उसाच्या मळ्यावर गुलामांनी बंड केले. अमेरिका खंडातल्या आफ्रिकन गुलामांचे नोंद असलेले हे पहिले मोठे बंड. त्यात सेनेगलकडचे वोलोफ लोक पुढे होते आणि त्यांच्यापैकी बरेच मुसलमान असावेत असे इतिहासकार मानतात. बंड मोडले गेले, बंडखोरांना फासावर दिले गेले आणि पुढे वोलोफ गुलाम आणण्यावर स्पेनच्या राजाने बंदी घातली. हा मळा आजच्या डोमिनिकन राजधानीच्या परिसरात होता. म्हणजे काळ्या माणसाचा घाम आणि रक्त या बेटाच्या पूर्व भागात आधी सांडले, पश्चिमेत नंतर. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे ‘काळे ते पलीकडचे, आम्ही वेगळे’ अशी जी समजूत रुजली तिच्या मुळाशी हा विसर आहे.

बेटाचे दोन तुकडे इथल्या लोकांनी केले नाहीत. स्पेनचे दुर्लक्ष झाले, पश्चिमेत फ्रेंच शिरले आणि १६९७ च्या तहानंतर तिथे फ्रेंचांचा अंमल पक्का झाला. फ्रेंच भागात साखर आणि कॉफीच्या जोरावर जगातली सर्वांत श्रीमंत वसाहत उभी राहिली. त्या श्रीमंतीखाली सुमारे पाच लाख गुलाम होते. पूर्वेकडच्या स्पॅनिश भागात मोठे मळे कमी, गुरे जास्त, वस्ती विरळ. १७९१ च्या ऑगस्टमध्ये पश्चिमेचे गुलाम उठले. तुसां लुव्हरत्यूर आणि मग देस्सालिन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज असे तिन्ही सत्तांशी सामने दिले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः लढून उभारलेला जगातला हा पहिला देश.

* * *

आता डोमिनिकन माणसाची तक्रार ऐकू या. ती खोटी नाही.

१८०५ साली देस्सालिनच्या फौजा पूर्वेवर चालून गेल्या. फ्रेंचांना हुसकावणे हा हेतू होता. माघार घेताना मोका आणि सांतियागो या गावांत या फौजांनी निःशस्त्र लोकांच्या कत्तली केल्या. १८२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्वाये याने पूर्व भाग ताब्यात घेतला आणि बावीस वर्षे हैतीचे राज्य तिथे चालले. चर्चच्या मालमत्ता जप्त झाल्या, जमिनीचे जुने सामायिक हक्क मोडू लागले, जुने विद्यापीठ बंद पडले, तरुणांना सक्तीने फौजेत ओढले गेले. करांचे ओझे वाढत गेले. १८४४ मध्ये पूर्वेने वेगळे होण्याची घोषणा केली, त्यानंतरही बारा वर्षे हैतीच्या फौजा पुन्हा पुन्हा चालून येत राहिल्या. डोमिनिकन लोक आपला स्वातंत्र्यदिन २७ फेब्रुवारीला साजरा करतात. तो स्पेनपासूनच्या सुटकेचा दिवस नाही, हैतीपासूनच्या सुटकेचा आहे. ज्या देशाच्या जन्माची कथाच शेजाऱ्यापासून सुटण्याची आहे, त्या देशातले मूल शाळेत काय शिकत असेल याची कल्पना करता येते.

पण पूर्ण हिशेब मांडायचा तर याच बावीस वर्षांच्या दुसऱ्या बाजूला एक मोठी जमा आहे. १८२२ मध्ये ब्वाये आला तेव्हा पूर्वेत काही हजार माणसे गुलाम होती. ती सर्व मोकळी झाली. १८४४ मध्ये नवे सरकार आले तेव्हा या मोकळ्या झालेल्यांच्या मनात धास्ती होती की आता पुन्हा बेड्या पडणार. राजधानीजवळच्या माँते ग्रांदे येथे त्यांनी हत्यारे उचलण्याची तयारी केली. नव्या सरकारला त्यांच्याकडे जाऊन खात्री द्यावी लागली आणि गुलामी कायमची संपली असे जाहीर करावे लागले. म्हणजे परक्या फौजेने दिलेली देणगी स्वातंत्र्याच्या पहिल्याच आठवड्यात आपली म्हणून स्वीकारली गेली.

आणखी एक गोष्ट. पूर्वेच्या स्वातंत्र्याचा जनक हुआन पाब्लो दुआर्ते आणि त्याच्या गुप्त संघटनेतले तरुण यांनी १८४३ मध्ये ब्वायेला खाली खेचण्यासाठी हैतीतल्याच उदारमतवाद्यांशी हातमिळवणी केली होती. हैतीच्या माणसांनी गुलामीतून वर येण्यासाठी दिलेल्या झुंजीबद्दल दुआर्तेच्या मनात आदर होता. त्याला वेगळे घर हवे होते, शेजाऱ्याचा द्वेष नको होता. पुढे १८६१ मध्ये डोमिनिकन पुढाऱ्यांपैकीच एकाने देश पुन्हा स्पेनच्या हवाली केला, तेव्हा स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डोमिनिकन बंडखोरांना हैतीनेच मदत आणि आसरा दिला. ही पाने पाठ्यपुस्तकात कमी वाचली जातात. तक्रारीच्या वहीत जमेच्या नोंदी कुणी करत नाही.

आणि ब्वायेने एवढे कर का लादले? १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने लढाऊ जहाजे पाठवून हैतीपुढे मागणी ठेवली: स्वातंत्र्य मान्य हवे असेल तर पूर्वीच्या मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी पंधरा कोटी फ्रँक भरा. त्या नुकसानीत जमिनी होत्या आणि गुलाम म्हणून राबलेली माणसेही होती. स्वतःला विकत घेण्याची किंमत माणसांनी भरायची, असा तो सौदा. १८३८ मध्ये रक्कम नऊ कोटींवर आली, पण ती भागवायला घेतलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालली. त्या कर्जाचा वाटा पूर्वेच्या शेतकऱ्याकडूनही वसूल झाला. म्हणजे ज्या जुलमाबद्दल डोमिनिकन माणूस हैतीच्या माणसावर रागावतो, त्यातला एक मोठा हिस्सा पॅरिसमध्ये ठरला होता. राग मात्र समुद्र ओलांडून गेला नाही. तो जवळच्याच घरावर थांबला. राग बहुधा जवळच्याच घरावर थांबतो.

* * *

आता दुसऱ्या बाजूची वही उघडू.

१९३० ते १९६१ डोमिनिकन रिपब्लिकवर राफाएल त्रुहियो या हुकूमशहाची सत्ता होती. त्याच्या आईच्या घराण्यात हैतीचे रक्त होते आणि चेहरा गोरा दिसावा म्हणून तो पावडर लावत असे, असे सांगतात. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्याच्या हुकमाने सैनिकांनी सरहद्दीच्या पट्ट्यात हैतियन वंशाच्या माणसांची कत्तल केली. बंदुकांऐवजी बहुतेक ठिकाणी कोयते वापरले गेले, म्हणजे हे काम चिडलेल्या शेतकऱ्यांचे वाटावे. किती माणसे मेली याचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांच्याही पुढे जातात. कोण हैतियन आणि कोण डोमिनिकन हे रंगावरून कळेना, म्हणून सैनिक ‘पेरेहिल’ हा शब्द उच्चारायला लावत, अशी आठवण दोन्ही बाजूंना सांगितली जाते. पेरेहिल म्हणजे आपल्या कोथिंबिरीसारखी एक पाल्याची भाजी. स्पॅनिश ‘र’ ज्याच्या जिभेवर वळला नाही तो गेला.

या कत्तलीतल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, मारल्या गेलेल्यांपैकी पुष्कळजण तिथेच जन्मलेले होते. तेव्हाच्या घटनेप्रमाणे ते डोमिनिकन नागरिक होते. सरहद्दीच्या गावांत दोन्ही बोली चालत, लग्ने होत, एकाच बाजारात धान्य विकले जाई. तिथल्या डोमिनिकन शेतकऱ्यांनी काहींना घरात लपवले, रात्री नदीपार पोहोचवले. वैर गावातून उगवले नव्हते. ते राजधानीतून आले होते.

दुसरी, अमेरिकन कंपन्यांच्या साखरमळ्यांवर राबणाऱ्या हैतियन मजुरांना बहुतांशी हात लागला नाही. त्यांचाही रंग तोच होता, बोली तीच होती. देशाच्या अस्मितेला जर या माणसांपासून धोका होता, तर तो मळ्याच्या कुंपणाशी का थांबला? ऊसतोडीचा कोयता आणि मजुराची गरज ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना याचे उत्तर वेगळे सांगायला नको.

तिसरी, पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, निर्वासितांसाठी फ्रान्समध्ये एव्हियाँ इथे भरलेल्या परिषदेत याच त्रुहियोच्या सरकारने एक लाखापर्यंत ज्यू निर्वासितांना जागा देऊ केली. सोसुआ गावी त्यांतले काहीशे प्रत्यक्ष पोहोचले आणि वाचले. बाकीचे देश दारे लावून बसले असताना ही जागा मिळाली, तिचे मोल कमी नाही. पण एका हाताने शेजाऱ्याला नदीत लोटणारा माणूस दुसऱ्या हाताने पाहुण्याला वर घेतो तेव्हा दोन्ही हातांमागचे मन एकच असू शकते. त्याला जगात आपली प्रतिमा धुऊन काढायची होती आणि देशाची कातडी उजळ करायची होती.

नुकसानभरपाई म्हणून साडेसात लाख डॉलर ठरले, नंतर ते सव्वापाच लाखांवर आले. मृतांच्या घरांपर्यंत त्यातले काय पोहोचले, ते न विचारलेले बरे. हुकूम देणाऱ्याला कुठल्याही न्यायालयात उभे राहावे लागले नाही. आणि मोकळ्या झालेल्या सरहद्दीवर सरकारने डोमिनिकन वसाहती बसवल्या.

* * *

आता कर्जाच्या तत्त्वाकडे परत येऊ.

१८०५ च्या कत्तलीचे आणि १८२२ च्या ताब्याचे देणे कुणाकडे येते? त्या जुलमातून आलेली मालमत्ता कुणाकडे गेली, हे आधी पाहायला हवे. हैतीचे राज्य नावाने तेच आहे. त्याच्याकडून माफीचे चार शब्द मागायचे असतील तर मागावेत. पण पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या झोपडीतून किंवा उत्तरेच्या ओसाड डोंगरातून जो माणूस उसाच्या फडावर येतो, त्याला ब्वायेच्या फौजेकडून वारशाने काय मिळाले? त्याचा पणजोबा त्याच करांनी पिळला गेला होता ज्यांनी डोमिनिकन शेतकरी पिळला गेला. या माणसाकडून इतिहासाची वसुली करणे म्हणजे ज्याला बापाची फाटकी चादरही मिळाली नाही त्याच्याकडून बापाचे कर्ज मागणे.

१९३७ चे देणे? इथे मालमत्ता हस्तांतरित झाली. सरहद्दीची जमीन गेली, ती सरकारनेच वाटली. ते राज्य, त्याची कागदपत्रे, त्याची फौज अखंड चालत आली. तेव्हा डोमिनिकन राज्य देणेकरी आहे. मात्र आजचा डोमिनिकन टॅक्सीवाला किंवा शिक्षिका खुनी नाही. एखादा हैतियन जर त्यांच्याकडे त्या नजरेने पाहील तर तोही तीच चूक करील.

१८२५ चे देणे? ते तर पावत्यांसकट आहे. पैसे कुणी दिले, कुणी घेतले हे लिहिलेले आहे. एप्रिल २०२५ मध्ये, दोनशे वर्षे पुरी झाली तेव्हा, फ्रान्सच्या अध्यक्षांनी या प्रकरणाच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. अमेरिकेनेही १९१४ च्या डिसेंबरात हैतीच्या राष्ट्रीय बँकेतले सोने न्यूयॉर्कला नेले आणि १९१५ ते १९३४ तो देश ताब्यात ठेवला. गमतीची गोष्ट अशी, की या बेटावर जुन्या हिशेबाची सर्वांत जोरात चर्चा होते ती अशा दोघांमध्ये ज्यांच्याकडे फेडायला सर्वांत कमी आहे. ज्यांच्याकडे आहे ते लांब बसून दोघांना माणुसकीचे धडे देतात.

यावर कुणी म्हणेल, कायद्याचे हे तत्त्व पैशाला ठीक आहे, दुःखाला ते कसे लावता? जखमेला मालमत्तेची मर्यादा कळत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात: स्मरण आणि वसुली. स्मरणाला मुदत नाही. मोकाच्या चर्चमध्ये मारल्या गेलेल्यांची आठवण डोमिनिकन लोकांनी हजार वर्षे ठेवावी, १९३७ ची हैतीने ठेवावी. एडविज दांतिका या हैतियन लेखिकेने १९९८ मध्ये त्या कत्तलीवर कादंबरी लिहिली ती याच हक्काने. वसुलीला मात्र नाव लागते, पत्ता लागतो, घेतलेले आणि दिलेले दाखवावे लागते. स्मरण जेव्हा वसुलीचा कागद म्हणून वापरले जाते, तेव्हा ते मेलेल्यांच्याही कामाचे राहत नाही. मेलेल्यांच्या नावाने जिवंत माणसे काहीतरी वेगळेच मिळवू पाहतात.

१९९६ च्या निवडणुकीत हे दिसले. होसे फ्रान्सिस्को पेन्या गोमेझ हा काळ्या वर्णाचा लोकप्रिय नेता पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे होता. तो १९३७ मध्ये जन्मला आणि डोमिनिकन कुटुंबात वाढला. त्याचे आईबाप हैतियन, तो निवडून आला तर देश हैतीला जोडील, असा प्रचार त्याच्याविरुद्ध झाला. त्रुहियोचा जुना सहकारी आणि मावळता अध्यक्ष बालागेर याने दुसऱ्या फेरीत आपले वजन प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने टाकले आणि पेन्या गोमेझ थोडक्यात हरला. दोन वर्षांनी तो वारला. आज राजधानीच्या विमानतळाला त्याचे नाव आहे. १८४४ च्या आठवणीने त्या दिवशी कुठल्या हुतात्म्याचे ऋण फेडले? तिने एका माणसाची खुर्ची अडवली, एवढेच.

* * *

वसुलीची सर्वांत मोठी घटना मात्र एका निकालपत्रात झाली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून साखर कंपन्या हैतीतून मजूर आणत होत्या. १९५२ पासून दोन सरकारांतच करार होऊ लागले. ठराविक मजूर पाठवायचे, त्याबद्दल हैतीच्या सरकारला पैसे मिळायचे. मजूर मळ्यालगतच्या वस्त्यांत राहत. तिथे त्यांना ‘बातेय’ म्हणतात. एकेका खोलीत दाटीने राहणारी माणसे, धड पाणी नाही, संडास नाही. १९८६ मध्ये हैतीतली दुव्हालिए घराण्याची हुकूमशाही कोसळली आणि करार संपले, पण बातेय राहिले. तिथे मुले जन्मली, त्या मुलांना मुले झाली. सोनिया पियेर अशाच एका बातेयमध्ये १९६३ मध्ये जन्मली. तेराव्या वर्षी ऊसतोड कामगारांच्या मोर्चात पुढे होती म्हणून तिला अटक झाली. पुढे तिने या मुलांच्या जन्मनोंदीसाठी आयुष्य वेचले आणि २०११ मध्ये ती गेली.

१९२९ पासूनच्या डोमिनिकन घटना सांगत आल्या की देशात जन्मलेले मूल नागरिक, अपवाद फक्त परदेशी वकिलातीतल्या लोकांच्या आणि ‘वाटेवर असलेल्यां’च्या मुलांचा. १९३९ च्या नियमात वाटेवर म्हणजे दहा दिवसांपर्यंत, असे धरले होते. २०१० च्या नव्या घटनेत बेकायदा राहणाऱ्यांच्या मुलांनाही वगळले गेले. पुढच्या मुलांसाठी असा नियम करणे वादाचे असले तरी बऱ्याच देशांत तसा नियम आहे. पण २३ सप्टेंबर २०१३ रोजी घटना न्यायालयाने निर्णय दिला, की ज्यांचे आईबाप कागदांवाचून राहत होते ते सर्व वाटेवरचेच होते आणि हे १९२९ पर्यंत मागे जाऊन लागू आहे. प्रकरण होते एका तरुणीचे. ती १९८४ मध्ये तिथेच जन्मली होती आणि तिच्याकडे जन्माचा दाखला होता. ओळखपत्र काढायला गेली तेव्हा आडनाव हैतियन म्हणून तिचा दाखला ठेवून घेण्यात आला. तेरा न्यायाधीशांपैकी दोघींनी विरोधी मत नोंदवले. या निर्णयाने दोन लाखांच्या आसपास माणसांचे नागरिकत्व संशयात आले. त्यांतल्या बहुतेकांनी हैती कधी पाहिलेलाही नव्हता.

जगभर ओरड झाल्यावर मे २०१४ मध्ये सरकारने कायदा केला. ज्यांची जन्मनोंद पूर्वीच झाली होती त्यांना नागरिकत्व परत मिळण्याची वाट झाली. ज्यांची नोंदच झाली नव्हती त्यांनी स्वतःला आधी परदेशी म्हणून नोंदवायचे आणि मग नागरिकत्व मागायचे, अशी सोय होती. त्यांच्यापैकी मुदतीत ८,७५५ जणांनाच अर्ज करता आला.

इथे नैतिक प्रश्न नेमका कुठे आहे ते पाहू. पन्नास वर्षे एका माणसाने उस तोडला. त्याला आणणारे सरकार होते, त्याच्या घामाची साखर विकणारेही सरकार होते. आणि आता सांगायचे, तू तर वाटेवर होतास! ज्याने पाहुण्याला स्वतः हाक मारली, कामाला लावले आणि त्याच्या श्रमाचे फळ घेतले, त्याला पुढे हा माणूस कधी आलाच नव्हता असे म्हणता येत नाही. त्याच्या श्रमाची मालमत्ता देशाकडे आली आहे. मग त्याच तत्त्वाने त्याच्याविषयीचे देणेही देशाकडे आले आहे. आणि त्याच्या नातीकडे पाहिले तर तिच्या डोक्यावर १८२२ चेही ओझे नाही आणि आजोबाच्या कागदांचेही नाही. जन्माला येताना माणूस कुणाचा गुन्हा करत नाही.

* * *

डोमिनिकन माणसाच्या आजच्या अडचणीकडे डोळेझाक करून हा विचार पुरा होणार नाही.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपात हैतीत लाखावर माणसे गेली. तेव्हा सर्वांत आधी धावले ते डोमिनिकन लोक. त्यांनी लंगर चालवले, इस्पितळे उघडली, पुढे हैतीला एक विद्यापीठ बांधून दिले. जुन्या जखमांची एवढी चर्चा झाल्यावर हेही मोठ्याने सांगायला हवे. पण जुलै २०२१ मध्ये हैतीच्या अध्यक्षांचा खून झाला, राजधानी टोळ्यांच्या ताब्यात गेली आणि २०२५ च्या मध्याला देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांची संख्या तेरा लाखांवर पोहोचली. एक मध्यम ऐपतीचा देश शेजारच्या कोसळत्या देशाचा भार एकट्याने किती वाहणार? फ्रान्स, अमेरिका, कॅनडा उपदेश करतात, जागा देत नाहीत. ही तक्रार न्याय्य आहे. दारात कोण येणार हे ठरवण्याचा हक्क डोमिनिकन रिपब्लिकला नाही, असे म्हणणे मला पटत नाही. हक्क आहे.

पण दारात उभ्या माणसाविषयीचा निर्णय आणि घरात जन्मलेल्या माणसाविषयीचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्याला धोरण म्हणता येईल. दुसऱ्याला बेदखली म्हणावे लागेल. आणि पहिला निर्णयही कसा अमलात येतो याला मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने आठवड्याला दहा हजार माणसे परत पाठवण्याचे जाहीर केले. त्या एका वर्षात पावणेतीन लाखांहून अधिक जणांची पाठवणी झाली. एप्रिल २०२५ पासून सरकारी इस्पितळांत उपचाराआधी कागद विचारले जाऊ लागले आणि नसतील तर उपचारानंतर माणसाला सरहद्दीवर नेले जाऊ लागले. त्यात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायाही होत्या. बाळंतिणीला कागद विचारणाऱ्या मुलखाने सरहद्द राखली असेल, पण आणखी काहीतरी गमावले आहे. आणि रस्त्यात माणूस अडवताना पहिला पुरावा कातडीचा रंग असतो. ज्या देशात बहुसंख्य लोक मिश्र वर्णाचे आहेत आणि जिथे सावळ्या माणसाच्या ओळखपत्रावर रंगाच्या रकान्यात ‘इंदिओ’ लिहिण्याची पद्धत होती, तिथे ही झडती शेवटी आपल्याच आजीची असते.

न्यूयॉर्कमध्ये लाखो डोमिनिकन राहतात. ते दुकाने चालवतात, घरी पैसे पाठवतात. त्यांची तिथे जन्मलेली मुले जन्मानेच अमेरिकन होत आली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी कागद नसलेल्यांच्या मुलांचा हा हक्क काढून घेण्याचा आदेश काढला आणि तो लगेच न्यायालयात अडवला गेला. त्या आदेशाची झळ लागू शकणारी डोमिनिकन घरेही होती. जे माप आपण दुसऱ्याच्या लेकराला लावतो ते आपल्या लेकराला लागले तर चालेल का, ही न्यायाची सर्वांत जुनी आणि सोपी कसोटी आहे. तिला कुठल्या ग्रंथाचा आधार लागत नाही.

दोन देशांच्या मधून वाहणाऱ्या नदीचे नाव ‘मॅसॅकर’ आहे, म्हणजे कत्तलीची नदी. हे नाव १९३७ चे नाही, ते अठराव्या शतकातल्या दुसऱ्याच एका कत्तलीवरून पडलेले आहे. त्या नदीवर पूल आहे आणि पलीकडे दाहाबोन गाव. तिथे सोमवारी आणि शुक्रवारी दोन्ही देशांचा बाजार भरत आला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नदीच्या पाण्यावरून, हैतीच्या शेतकऱ्यांनी खोदायला घेतलेल्या एका कालव्यावरून, डोमिनिकन सरकारने सरहद्द बंद केली. तेव्हा कोंबड्या आणि अंडी विकणारे डोमिनिकन व्यापारीच हवालदिल झाले. माल कुजू लागला. ऑक्टोबरात व्यापारासाठी दार पुन्हा उघडावे लागले. २०२२ पासून त्याच सरहद्दीवर भिंतही उभी राहते आहे.

त्या बाजारात येणाऱ्या कुणालाही १८०५ आणि १९३७ या तारखा ठाऊक नाहीत असे नाही. तरी कांद्याचा भाव करताना ते एकमेकांकडून इतिहासाची किंमत मागत नाहीत. हिशेब कुणाशी आहे आणि कुणाशी नाही, एवढे त्यांना कळते. राज्यांनाही ते कळावे, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. फ्रान्सच्या दप्तरात पावत्या आहेत, सान्तो दोमिंगोच्या दप्तरात १९३७ चे हुकूम चालवणाऱ्या खात्याची परंपरा आहे. हैतीच्या राज्यकर्त्यांनी मजुरांमागे घेतलेल्या पैशाच्याही नोंदी असतील. मागायचे ते तिथे मागावे. उसाच्या फडात जन्मलेल्या मुलीकडे मागू नये. तिच्याकडे जन्माचा एक दाखला तेवढा होता, आणि तिच्याकडून काढून घेतला गेला तो नेमका तोच.